स्टँडर्ड सेलची पाठवणी

देवदत्तराव गुप्ते यांची सगळी नोकरी अंबरनाथला, मोरिवलीच्या एका केमिकल कंपनीच्या खरेदी खात्यात झाली. नवा माल मागवायचा आणि जुना लिलावात काढायचा, एवढंच काम. पण ते त्यांनी इतकं मन लावून केलं, की निवृत्तीनंतरही घरातल्या कुठल्याही वस्तूकडे ते 'ही कधी काढायची' अशाच नजरेनं बघत. अशा माणसाची बायको जुनी यंत्रं गोळा करणारी निघाली. बायको त्यांनी स्वतः पसंत केलेली असल्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती.

मालिनीबाई वीजमीटर बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंग रूमला होत्या. कंपनीला टाळं लागलं तेव्हा जाणाऱ्या प्रत्येकानं आठवण म्हणून काही ना काही नेलं. कुणी खुर्ची नेली, कुणी पंखा, एकानं तर 'शांतता राखा'ची पाटी उचलून नेली. मालिनीबाई रिक्षाच्या दोन खेपा करून मोजमापाची यंत्रं घेऊन आल्या. कंपनीला ती भंगारातच काढायची होती, त्यामुळे मॅनेजरनं वर चहासुद्धा पाजला.

"ठेवायची कुठे?" देवदत्तरावांनी विचारलं.

"तुम्ही पेपर वाचता तिथे," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून देवदत्तराव गॅलरीत पेपर वाचू लागले.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये परसराम नावाचा एक सिंधी दुकानदार होता. कारखाने बंद पडले, प्रयोगशाळा मोडल्या, कुणाचे वडील गेले आणि माळा रिकामा केला, की तिथला माल फिरत फिरत परसरामच्या दुकानात यायचा. "अदी, आपके लिए एक चीज़ रखी है, किसी को दिखाई नहीं," असा ताईला सिंधीत अदी म्हणणाऱ्या परसरामचा फोन आला की मालिनीबाई भाजी चिरायची सोडून निघत. ती चीज परसरामनं कुणालाच दाखवलेली नसायची हे खरं होतं, कारण दुसरं कुणी बघायलाच येत नसे.

अशा रीतीनं अंबरनाथमधल्या कानसईच्या त्यांच्या दोन खोल्यांत यंत्रांचं बस्तान बसलं. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा एक ऑसिलोस्कोप होता, छोट्या फ्रिजएवढा जड. चालू केला की अर्धा तास नुसता तापायचा आणि मग त्याच्या गोल काचेवर हिरवी रेघ उमटायची. थंडीत सोसायटीचं मांजर त्याच्या मागे येऊन झोपायचं. वायरींचं इन्सुलेशन तपासायचा हँडलवाला मेगर होता. एकदा देवदत्तरावांनी गंमत म्हणून त्याच्या दोन्ही वायरी एका हातात धरून दुसऱ्या हातानं हँडल फिरवलं होतं. ती गंमत त्यांना कोपरापर्यंत पोचली. पुढे त्यांनी कुठल्याच यंत्राला आपणहून हात लावला नाही. फक्त एकदा ते पलंगावर ठेवलेल्या एका व्हॉल्व्हवर बसले. पण तो काही हात नव्हता.

मालिनीबाई दुरुस्ती करायला बसल्या की बघत राहावं असं वाटायचं, हे देवदत्तराव मनातल्या मनात कबूल करत. त्या जुन्या यंत्राला एकदम घरची वीज कधीच देत नसत. डिमरस्टॅट लावून व्होल्टेज थोडं थोडं चढवायचं, मध्ये थांबायचं, नाक जवळ नेऊन वास घ्यायचा, पाठीवर हात ठेवून बघायचं. "इतकी वर्षं झोपलंय, एकदम उठवलं तर दचकेल," असं त्या म्हणत. देवदत्तरावांना मात्र सकाळी पांघरूण ओढून उठवलं जाई. सुकलेले कंडेन्सर बदलायचे, सिलेक्टर स्विचचे काळे पडलेले दात घासायचे, जुनी नाजूक वायर नव्यानं जोडायची. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात सुया सापडाव्यात तसे त्यांच्या घरात चादरीत रेझिस्टन्स सापडायचे.

"याचा उपयोग काय?" देवदत्तराव अधूनमधून विचारत.

"बरोबर मोजतं."

"पण मोजायचं काय?"

"आधी बरोबर मोजता तर येऊ दे," मालिनीबाई म्हणत आणि पुन्हा यंत्रात डोकं घालत.

या सगळ्या गोतावळ्यात एक वस्तू अशी होती की तिच्याबद्दल थट्टा चालत नसे. ती म्हणजे स्टँडर्ड सेल. डब्यासारख्या छोट्या लाकडी पेटीत इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची काचेची नळी, तिच्या तळाशी पारा. हा सेल कुठलंही यंत्र चालवत नाही, साधा टॉर्चचा बल्बसुद्धा पेटवत नाही. तो फक्त एक व्होल्ट आणि वर थोडं, असं एक ठरलेलं व्होल्टेज धरून बसतो आणि बाकीच्या मीटरनी आपण खरं बोलतोय की नाही ते त्याच्याशी ताडून बघायचं. कंपनीत मालिनीबाईंची रोजची सुरुवात त्याच्यापासून व्हायची. या सेलच्या अटी मात्र एखाद्या तिरसट पाहुण्यासारख्या होत्या. त्याला हलवायचं नाही, तिरका करायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, एकदम गार-गरम करायचा नाही. आडवा झाला तर आतलं सगळं एकमेकांत मिसळणार आणि मग तो कधी खरं बोलेल याचा भरवसा नाही.

अंबरनाथची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि गुप्त्यांनी बदलापूरला, सोनिवलीत पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा या सेलनं सगळ्यांची झोप उडवली.

देवदत्तरावांनी घर हलवण्याची मोहीम आपल्याकडे घेतली होती. खोक्यांना नंबर दिले, टेपच्या बंडलांची सोय केली, आणि उत्साहाच्या भरात दाढीचं सामानही पहिल्याच खोक्यात बंद करून टाकलं. त्यामुळे शेवटचे काही दिवस त्यांच्या चेहऱ्यावर पांढरे खुंट वाढले. बुधवारी मालिनीबाईंनी सेलची पेटी कापसात बसवली, वरून स्वच्छ पांढरा पंचा गुंडाळला आणि घट्ट गाठ मारली.

"हा टेम्पोतून जाणार नाही," त्या म्हणाल्या. "शेजारचा कैलास गाडी आणणार आहे. मी मांडीवर घेऊन बसेन."

पण ऑसिलोस्कोपसुद्धा त्याच दिवशी जाणार होता, आणि हमाल तो काचेवर पालथा घालतील ही धास्ती वेगळीच. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येईना. शेवटी मालिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हा नवरा नाइलाजानं निवडला जातोय हे त्या नजरेत अगदी स्पष्ट होतं.

मग त्यांची तालीम सुरू झाली. काठोकाठ ताक भरलेली वाटी हातात घेऊन देवदत्तरावांनी स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिल्या फेरीत ताक बाहीवर गेलं. दुसऱ्या फेरीत चप्पल लादीवर घसरली आणि ताक भिंतीवर गेलं.

"चप्पल नको," मालिनीबाईंनी निकाल दिला. "अनवाणी चला."

शुक्रवारी सकाळी टेम्पो निघाला. मालिनीबाई ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि वळणावर दिसेनाशा होईपर्यंत खिडकीतून "उभा! उभा!" असं ओरडत राहिल्या. इकडे कैलासनं गाडीला किल्ली लावली तर गाडी नुसती कण्हली.

"काका, बॅटरी उतरलीय बहुतेक. एक मीटर द्या ना, बघतो."

ज्या घरात पाय ठेवताना मीटर आड यायचे, त्या घरात आज एकही मीटर नव्हता. सगळे टेम्पोत.

देवदत्तरावांनी फोन लावला. "थांबा तिथेच," मालिनीबाई म्हणाल्या. "टेम्पो उतरवते आणि मी परत येते. तुम्ही काही करू नका."

'काही करू नका' हे त्यांना लागलं. नोकरीत असताना याच देवदत्तरावांनी ॲसिडचे टँकर गुजरातहून सुखरूप आणवले होते. आणि हा तर एक वीतभर डबा. ते पेटी दोन्ही हातांत धरून एकेक पायरी चाचपत खाली आले आणि नाक्यावर रिक्षात बसले.

रिक्षावाला तिशीतला, चिखलोलीकडचा. नाव सोमा. रिक्षात गाणी मोठ्यानं चालू होती. त्यानं आरशात पाहिलं. मागे एक म्हातारा माणूस, दाढी वाढलेली, पाय अनवाणी, चेहरा गंभीर, आणि मांडीवर पांढऱ्या पंचात बांधलेलं काहीतरी दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं.

"कुठं जायाचा हाय, काका?"

"सोनिवली. नदीकडे जातो ना, त्या रस्त्यानं. आणि एकदम सावकाश. याला धक्का लागता कामा नये."

सोमानं हात लांब करून गाणी बंद केली. देवदत्तरावांना बरं वाटलं. असा समजूतदार रिक्षावाला त्यांना बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता.

थोडं पुढे गेल्यावर सोमानं हळूच विचारलं, "कोनाचा हाय, काका?"

"बायकोचा," देवदत्तराव म्हणाले. "माझा काही संबंध नाही. मी नुसता पोचवायला निघालोय."

"असा कसा संबंध नाय, काका," सोमा म्हणाला. त्याचा आवाज जरा ओला झाला होता. "किती दिस झालं?"

देवदत्तरावांनी आठवलं. पंचा बुधवारी बांधला होता. "बुधवारी."

"म्हंजे तिसरा दिस." सोमानं मान हलवली. "संगती कोन नाय आला?"

"मुलगी बंगळूरला असते. तिला रजा नाही मिळाली."

"रजा नाय मिळाली?" सोमा जवळजवळ मागे वळलाच. "ह्या कामाला?"

"ती काय येणार? तिला या गोष्टींचं काही नाही. आणि ही पुढे गेली सकाळीच. आता मीही निघालोच मागून."

"असा बोलू नका, काका!" सोमानं रिक्षा आणखी हळू केली. "देवानं दिलेत तेवढं दिस काढायाचे."

देवदत्तरावांना हे जरा जास्त वाटलं. पण रिक्षा इतकी छान चालली होती की त्यांनी खोलात जायचं टाळलं. सोमा खड्डा आला की थांबायचा, आधी पुढचं चाक उतरवायचा, मग मागची. पेटी पाण्यावर तरंगावी तशी मांडीवर स्वस्थ होती.

चिखलोलीच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं आणि गाड्यांची लांबच लांब रांग लागली होती. एक पाण्याचा टँकर मध्येच रिक्षाच्या मागे घुसला आणि सारखा हॉर्न वाजवू लागला. सोमा रिक्षातून उतरला, टँकरच्या दाराशी गेला आणि ओरडला, "ए, दिसत नाय काय? रिक्षात अस्थी हायत! म्हातारा एकटा चाललाय बायकोच्या अस्थी घेऊन!"

टँकरवाल्यानं हॉर्नवरचा हात काढला. मोटारसायकलवरच्या दोघांनी हेल्मेट काढून छातीला हात लावला. ठेकेदाराच्या माणसानं पत्र्याचा अडथळा सरकवला आणि रिक्षाला नव्या, गुळगुळीत काँक्रीटवरून वाट करून दिली.

देवदत्तरावांच्या डोक्यात आत्तापर्यंतची सगळी प्रश्नोत्तरं एका रांगेत उभी राहिली.

आता सांगायलाच हवं होतं. सोमा परत येऊन बसला तेव्हा त्यांनी तोंड उघडलंही. पण काँक्रीट खरोखर फार गुळगुळीत होतं. नव्या रस्त्यावर अजून कुणालाच सोडलेलं नव्हतं. खरेदी खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला आयती मिळालेली सवलत परत करणं जड जातं. एवढं काँक्रीट संपलं की सांगू, असं त्यांनी ठरवलं.

काँक्रीट संपायच्या आत सोमा बोलू लागला.

"माझी आय गेली ना काका, गेल्या शिमग्याच्या आधी, तिला ह्याच रिक्षातून नेली मी. तुम्ही बसलेत तितंच ठेवली होती. मोठा भाऊ बोल्ला, गाडी करू. मी बोल्लो नाय. तिला रिक्षात बसायाला लय आवडायचा. पन मी कदी नेलाच नाय कुठं. धंद्याचा टाइम, धंद्याचा टाइम." त्यानं खांद्यानं डोळा पुसला. "तुम्ही धरून बसलेत ना, मना तीच आठवली."

यावर 'सोमा, हा सेल आहे' असं सांगणारा माणूस फार निगरगट्ट असावा लागतो. देवदत्तराव तेवढे नव्हते.

"काकू कशा होत्या?" सोमानं विचारलं.

देवदत्तरावांनी सुरुवातीला काळजी घेतली. "फार हुशार बाई," ते म्हणाले. या वाक्याला काळ नव्हता. "नाव मालिनी. मीटरच्या कंपनीत टेस्टिंगला." यालाही नव्हता.

"लगीन ठरवून?"

"छे. मी आमच्या कंपनीसाठी मीटर घेतले होते, ते तिच्याकडे तपासायला गेले. तिनं सगळा लॉट नापास केला. मी तणतणत भांडायला गेलो. तिनं मला स्टुलावर बसवलं आणि एकेक मीटर पुन्हा लावून दाखवला. मी एकही आकडा पाहिला नाही."

"मग?"

"मग काय? पुढच्या महिन्यात मुद्दाम वाईट मीटर घेऊन गेलो."

सोमा आरशात हसला. देवदत्तरावांना जोर चढला. बेलवली आली, कात्रप मागे पडलं, आणि ते बोलतच राहिले. कुणाशी बोललेच नव्हते ते असं कधी.

"घरात काही बंद पडलं की मी आधी चिडतो. ती आधी कान लावून ऐकते. माझंसुद्धा तसंच ऐकायची. मी कटकट करत असलो की हातातलं काम चालू ठेवायची, पण एक शब्द चुकवायची नाही. आणि दुपारी मी झोपलो की यंत्राचे स्क्रू काढून रुमालावर ठेवायची. बशीत टाकले तर वाजतील म्हणून. मला ते ठाऊक होतं. मी जागाच असायचो पुष्कळदा. पण तिला कधी म्हणालो नाही की मला कळतं."

"बोलायाचा राहून जातो, काका," सोमा म्हणाला.

आता देवदत्तरावांना खरंच हुंदका आला. आपली बायको या क्षणी सोनिवलीत हमालांवर ओरडत उभी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी डोळ्यांतलं पाणी थांबेना, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. उड्डाणपूल ओलांडून रिक्षा पश्चिमेला आली तेव्हा पेटी कोरडी होती, पण पंचाची गाठ ओली झाली होती.

"नदीवर कुठल्या अंगाला नेऊ?" सोमानं विचारलं. "गुरुजी आलेत?"

"नाही, नदीवर नाही. आधी घरी. ती पुढची पिवळी बिल्डिंग."

सोमानं गेटपाशी रिक्षा उभी केली आणि चपळाईनं उतरून मागे आला. "घरात नाय नेत, काका. तुम्हाला आज काय सुचायाचा नाय, मी हाय. ह्या बदामाच्या झाडाला टांगून ठेवू. द्या इकडं."

"टांगून?" देवदत्तरावांचा आवाज चिरकला. "टांगून नाही! हलेल तो! सोमा, हात लावू नको!"

सोमानं गाठीला हात घातला, देवदत्तरावांनी पेटी पोटाशी दाबली, वॉचमन उठून उभा राहिला, आणि तेवढ्यात लिफ्टच्या दारातून पदर खोचलेली, हातात स्क्रू ड्रायव्हर धरलेली एक बाई तरातरा बाहेर आली.

"अहो! थांबा म्हटलं होतं ना तुम्हाला? रिक्षातून आणलात? आडवा नाही ना केलात?"

सोमानं तिच्याकडे पाहिलं, मग देवदत्तरावांकडे.

"काका, ह्या कोन?"

देवदत्तरावांना पाय ठेवायला जमीन सापडेना. "ही... मालिनी," ते अगदी हळू म्हणाले.

सोमानं सगळ्यात आधी तिची पावलं पाहिली. ती सरळ होती. दोन पावलं मागे सरून त्यानं रिक्षाला हात टेकला.

खुलासा व्हायला थोडा वेळ लागला. देवदत्तराव मधलं मधलं गाळून सांगत होते आणि सोमा गाळलेलं भरत होता. मालिनीबाई आधी हसू लागल्या, तोंडावर पदर धरून, वॉचमनच्या खुर्चीत बसून हसू लागल्या. मग त्यांनी सोमाचा चेहरा पाहिला आणि त्यांचं हसू जागीच थांबलं.

"मी टँकरवाल्याशी भांडलो तुमच्यासाठी," सोमा म्हणत होता. तो रागावला होता, पण रागापेक्षा वेगळंच काहीतरी त्याला सलत होतं. "आयेचा सांगितला तुम्हाला. मी भावाला पन नाय सांगितला तो."

"चुकलं माझं," देवदत्तराव म्हणाले. "चिखलोलीलाच सांगायला हवं होतं. तू आईचं सुरू केलंस, मग धीर झाला नाही. पण सोमा, तुझं ऐकताना मी काही नाटक करत नव्हतो."

सोमा मालिनीबाईंकडे वळला.

"नाटक नव्हता तो," तो म्हणाला. "काका रडले ना खरोखरचे."

"कोण? हे?"

"आयशप्पत."

"काय म्हणाले?"

"मालिनी," देवदत्तराव घाईघाईनं म्हणाले, "सेल उन्हात आहे."

"राहू दे दोन मिनिटं," मालिनीबाई म्हणाल्या. "सांगा तुम्ही."

सोमानं सांगितलं. नापास मीटर सांगितले, स्टूल सांगितलं, रुमालावरचे स्क्रू सांगितले. देवदत्तराव पेटी धरून अनवाणी उभे होते आणि फरशी तापली होती, म्हणून एकदा हा पाय, एकदा तो पाय असं करत होते. स्क्रू ड्रायव्हरची मूठ मालिनीबाई पदराला पुसत राहिल्या. ती आधीच स्वच्छ होती.

"चहाला वर चला," सगळं ऐकून झाल्यावर त्या सोमाला म्हणाल्या. "गॅस जोडलाय. कप कुठल्या खोक्यात आहेत ते यांनाच माहीत."

सोमा वर आला. चहा त्यानं ऑसिलोस्कोपच्या खोक्यावर बसून, भांड्यातूनच घेतला, कारण कप कुठे आहेत ते यांनाही माहीत नव्हतं. मालिनीबाईंनी त्याच्याकडून त्याच्या आईबद्दल विचारून घेतलं: नाव काय, कुठल्या गावची, आजारी होती का. तिचं नाव बनूबाई. निघताना सोमा देवदत्तरावांच्या अनवाणी पायांकडे बघून म्हणाला, "चपला घेऊन ठेवा आता."

पुढचे कित्येक दिवस सेल आतल्या खोलीच्या कपाटात विश्रांती घेत होता. प्रवासानंतर त्याला स्वस्थ ठेवावं लागतं. त्या कपाटात देवदत्तरावांचे शर्ट ठेवायचं ठरलं होतं. शर्ट दारामागच्या खुंटीवर गेले. सेल मोजायचा तर पोटेन्शिओमीटर हे व्होल्टेज बारकाईनं मोजायचं यंत्र लागणार, आणि त्याचा एक स्विच टेम्पोत सैल झाला होता. त्यासाठी कॅम्प चारला परसरामकडे जायचं निघालं. मालिनीबाईंनी बोलावल्यावर सोमाच रिक्षा घेऊन आला. पहिल्या खेपेला तो फक्त मालिनीबाईंशी बोलला. दुसऱ्या खेपेला त्यानं देवदत्तरावांनाही "बसा" म्हटलं. स्टेशनजवळच्या रिक्षा स्टँडवर मात्र ही गोष्ट त्यानं पुरेपूर खपवली होती. तिथे मालिनीबाईंना 'अस्थीवाल्या काकू' असं नाव पडलं होतं, आणि त्या रांगेत दिसल्या की पुढचा रिक्षावाला जरा अदबीनं सरकून बसायचा.

परसरामला तर हा किस्सा इतका आवडला की त्यानं स्विचबरोबर एक फुटका गॅल्व्हनोमीटरही गळ्यात मारला. तो परत येताना देवदत्तरावांच्या मांडीवर होता.

अखेर एका दुपारी मालिनीबाईंनी सगळं टेबलावर मांडलं. आपल्याकडच्या चांगल्या गॅल्व्हनोमीटरच्या पट्टीवर प्रकाशाचा ठिपका पडला, थरथरला, डावीकडे पळाला.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही चाललात की टेबल हलतं."

देवदत्तराव जिथे होते तिथे, दारात एक पाय आणि बाहेर एक पाय, असे थांबले. मालिनीबाई एकेक बटण किंचित किंचित फिरवत गेल्या. ठिपका मध्यावर येऊन उभा राहिला. त्यांनी आकडा वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "थोडा उतरलाय."

"माझ्या रिक्षामुळे?"

मालिनीबाईंनी आकडा वहीत लिहिला.

"मालिनी, निघायच्या आधी किती होता तो?"

"ते कुठे बघितलं होतं?" त्या फणकारल्या. "तुम्ही पोटेन्शिओमीटर पहिल्याच दिवशी खोक्यात घालून टेप मारली."

"म्हणजे आधीच उतरलेला असू शकतो."

"असू शकतो."

"मग माझ्यामुळे उतरला असं म्हणता येणार नाही."

"तुमच्यामुळे नाही असंही म्हणता येणार नाही."

हा वाद चहाच्या वेळेपर्यंत चालला. मग मालिनीबाईंनी परसरामचा फुटका गॅल्व्हनोमीटर पुढ्यात ओढला, त्याचं झाकण उघडलं आणि टेबलावर रुमाल पसरला. आत केसाएवढी बारीक तार तुटलेली दिसत होती.

"जरा टॉर्च धरा," त्या म्हणाल्या.

देवदत्तरावांनी टॉर्च धरला. खूप वेळ धरला. ते यंत्राकडे बघतच नव्हते, त्यामुळे उजेड आधी झाकणावर पडला, मग मालिनीबाईंच्या बोटांवर, मग थेट त्यांच्या चष्म्यात.

"अहो," त्या डोळे मिटून म्हणाल्या, "तार खाली आहे."